‘ओढू नका’ कोणी म्हणायचं?

मंडळी, या शनिवारी एक कोडं घालतो.

आपल्या देशात ‘गॅट्स’ नावाचं एक सर्वेक्षण होतं. पूर्ण नाव जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षण. पहिलं २००९-१० मध्ये झालं, दुसरं २०१६-१७ मध्ये. त्यात लोकांना एक प्रश्न होता, की घरात तुम्हाला बिडी-सिगारेटचा धूर सोसावा लागतो का? पहिल्या वेळी ५२.३ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. दुसऱ्या वेळी ३८.७ टक्के. चांगली घसरण आहे. मग बंदिस्त जागेत नोकरी करणाऱ्यांना हाच प्रश्न कामाच्या ठिकाणाबद्दल विचारला. पहिल्या वेळी २९.९ टक्के ‘हो’ म्हणाले. दुसऱ्या वेळी ३०.२ टक्के. म्हणजे जैसे थे.

आता गंमत बघा. घरात सिगारेट ओढू नका असा कुठलाही कायदा भारतात नाही. ऑफिसात ओढू नका असा मात्र आहे, आणि तो या दोन्ही सर्वेक्षणांच्या आधीपासून आहे. म्हणजे जिथे कायदा नाही तिथे धूर कमी झाला आणि जिथे कायदा आहे तिथे तो ढिम्म हलला नाही. असं कसं?

‘आपल्याकडे कायदे पाळतं कोण!’ हे उत्तर तयारच असतं. पण ते पुरत नाही. एसटीत कोणी बिडी पेटवून बघा. अमरावती डेपोच्या कुठल्याही गाडीत कंडक्टर दुहेरी बोलायच्या आत घंटी मारेल आणि “उतर बाप्पा खाली, मंग ओढ” असं सांगेल. तिथे पाळलं जातंच ना? माणसं तीच, बिडी तीच. मग फरक कशात आहे? हे शोधायला मी जरा मागे गेलो, आणि बराच मागे गेलो.

तंबाखू आपली नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. ती अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर दख्खनच्या किनाऱ्यावर उतरलेली. अकबराच्या दरबारात ती पोचली १६०४-०५ च्या सुमारास, आणि तीही आपल्याच बाजूने. असद बेग नावाचा त्याचा सरदार विजापूरहून परतताना तंबाखू आणि सुंदर नक्षीची नळी घेऊन आला. बादशहाने दोन-चार झुरके मारले, हकीम नको नको म्हणत राहिला. पुढे जहांगीरने १६१७ च्या आसपास तंबाखूवर बंदी घातली. त्याच काळात इराणच्या शाह अब्बासनेही घातली होती. जहांगीर आपल्या आत्मचरित्रात एक किस्सा सांगतो. त्याचा वकील खान आलम इराणला गेला होता आणि या गृहस्थाला तंबाखूशिवाय क्षणभर चैन पडत नसे. शेवटी शाहने त्याला एकट्याला सूट दिली!

म्हणजे बंदी आली आणि पाठोपाठ ‘मोठ्या माणसाला चालतं’ हेही आलं. हा किस्सा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता थेट रेल्वेच्या डब्यात येऊ. मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे भुसावळ, अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. वऱ्हाडातला कापूस मुंबईला जायला लागला आणि माणसंही. एका डब्यात अनोळखी माणसं तासन् तास कोंडलेली, ही गोष्टच आपल्याकडे नवीन होती. १८९० च्या रेल्वे कायद्यात धूम्रपानाबद्दल एक कलम आहे, ११० वं. त्याचा मतलब असा, की धूम्रपानासाठी राखीव डबा नसेल तर सहप्रवाशांच्या संमतीशिवाय ओढायचं नाही. ओढलं तर २० रुपयांपर्यंत दंड. १८९० चे २० रुपये, बरं का!

पुढे १९८९ मध्ये रेल्वेचा नवा कायदा आला. त्याचं कलम १६७ सांगतं, की डब्यातल्या दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतली तर ओढायचं नाही. दंड १०० रुपयांपर्यंत. (रेल्वे प्रशासनाला वाटलं तर अख्ख्या गाडीत बंदी घालता येईल, अशीही एक सोय त्यात आहे.)

वरवर दोन्ही कलमं सारखीच वाटतात. पण आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, तो सांगेल की इथे डिफॉल्ट व्हॅल्यू उलटी झाली. १८९० मध्ये सगळे गप्प बसले तर त्याचा अर्थ ‘नाही’ होता, ओढणाऱ्याला विचारावं लागायचं. १९८९ मध्ये सगळे गप्प बसले तर त्याचा अर्थ ‘चालेल’ झाला. आता न ओढणाऱ्याला तोंड उघडायचं होतं. शंभर वर्षांत कायदा सुधारायच्या ऐवजी एक पाऊल मागे आला.

मधल्या काळात राज्याने आणखी एक मार्ग काढला होता. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याच्या (आताचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम) ११६ व्या कलमात कोर्ट, पोलीस ठाणी, सरकारी आणि सार्वजनिक संस्थांच्या इमारती येतात. तिथे तशी सूचना लावलेली असेल तर ती मोडून धूम्रपान करायचं नाही किंवा थुंकायचं नाही. आपलं वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होतं, त्यामुळे हा कायदा आपल्याकडे नंतर आला. पण कल्पना बघा. इथे नको म्हणायचं काम माणसाकडून काढून पाटीला दिलंय. पाटी असेल तर गुन्हा, पाटी नसेल तर काही नाही.

थोडक्यात काय, तर सहप्रवासी, मग पाटी, मग पुन्हा सहप्रवासी. ‘ओढू नका’ हे म्हणणार कोण, हाच या सगळ्या इतिहासाचा प्रश्न आहे.

आता रिद्धपूर. माझं आजोळ मोर्शी तालुक्यातलं, त्यामुळे रिद्धपूरला लहानपणापासून जाणं आहे. महानुभावांची काशी म्हणतात तिला. गोविंदप्रभूंचं गाव. म्हाइंभटांनी लीळाचरित्र तेराव्या शतकात इथेच सिद्ध केलं. महदाइसेने धवळे इथेच रचले. आणि आता महाराष्ट्र सरकारचं मराठी भाषा विद्यापीठही इथेच आलंय.

मागच्या खेपेला तिथे चहाच्या टपरीवर एक आजोबा बिडी ओढत बसले होते. बाजूच्या मठाकडे बोट दाखवून मी विचारलं, “आजोबा, तिथं कोणी ओढते का?”

“तिथं? काहून ओढन? देवाच्या दारात!”

“पण पाटी तं नाही लावलेली कुठं.”

“पाटी कायले लागते? मोठी माणसं बसते तिथं. मोठ्याइच्या समोर कोणी ओढते का?”

आजोबांनी दोन वाक्यांत मला सगळं समजावलं. एक, देवाचं दार. ज्या पंथाचा उपदेश घेताना मद्य-मांस सोडावं लागतं तिथे बिडी आपोआपच बाहेर राहते. आणि दोन, ‘मोठ्याइच्या समोर’. ही आपली खरी जुनी धूम्रपानबंदी! ती कुठल्याही राजपत्रात छापलेली नाही. बाप ओसरीवर आला की पोराने बिडी मुठीत लपवायची. सासऱ्यासमोर जावयाने ओढायची नाही. हेडमास्तर दिसले की कोपऱ्यावरच्या पोरांनी पांगायचं. चाळिशीतले गृहस्थही वडिलांसमोर खिशातलं पाकीट दिसू देत नाहीत, हे मी स्वतः पाहिलंय.

या रिवाजाची ताकद मोठी आहे. पण त्याची दिशा बघा. तो लहानाला मोठ्यासमोर ओढू देत नाही. मोठ्याने लहानासमोर ओढायला मात्र त्यात काहीच आडकाठी नाही. आजोबा पाळण्याशेजारी बसून चिलीम ओढू शकतात. साहेब शिपायासमोर ओढू शकतो. खान आलमला सूट मिळते. (बघा, आला की नाही कामाला!)

आणि कायद्याला नेमकं उलटं हवं आहे. धूर लागतो तो बहुतेक वेळा लहानाला. बाळाला, बायकोला, शिपायाला, वेटरला. म्हणजे लहानाने मोठ्याला थांबवायला हवं. सहप्रवाशाने ‘हरकत’ घ्यावी असं कायद्यात लिहिणं सोपं आहे. पण डब्यातली एकटी बाई चार बाप्यांना ‘विझवा’ कशी म्हणणार? १९८९ च्या कलमात ती जेवढी एकटी होती, तेवढीच घरातही होती.

हे धूर लागणं म्हणजे नुसता त्रास आहे की अपाय, हा प्रश्नही एका अर्थाने बायकांनीच सोडवला. १९८१ मध्ये जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास छापला. स्वतः न ओढणाऱ्या ९१,५४० बायकांची चौदा वर्षांची नोंद त्यांनी ठेवली होती. नवरा जितका जास्त ओढणारा, तितका बायकोला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त, असं त्यात दिसलं. तंबाखू कंपन्यांनी त्यावर भरपूर आरडाओरडा केला. पण १९८६ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालानेही तेच सांगितलं, की दुसऱ्याच्या धुराने न ओढणाऱ्यालाही कर्करोग होतो. तिथून वादाचा नूरच बदलला. तोवर ‘मला आवडत नाही’ होतं, आता ‘तू मला मारतोयस’ झालं.

आपल्याकडे हे कोर्टात पोचलं नव्वदच्या दशकाच्या शेवटी. केरळ उच्च न्यायालयाने जुलै १९९९ मध्ये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करणं बेकायदा ठरवलं. त्याच वर्षी मुंबईचे काँग्रेस नेते आणि माजी महापौर मुरली देवरा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने अंतरिम आदेश दिला. सभागृहं, दवाखाने, शाळा-कॉलेजं, ग्रंथालयं, कोर्टं, सरकारी कचेऱ्या, आणि रेल्वेसकट सगळी सार्वजनिक वाहनं, इतक्या ठिकाणी देशभर बंदी. आधार राज्यघटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा. न ओढणाऱ्याने दुसऱ्याच्या सवयीपायी आजार का सोसायचे, असा साधा सवाल होता. पाठोपाठ संसदेने २००३ चा तंबाखू कायदा केला, ज्याला सगळे ‘कोटपा’ म्हणतात. त्याचं सार्वजनिक जागांवरच्या बंदीचं कलम १ मे २००४ पासून लागू झालं. दंड २०० रुपयांपर्यंत.

म्हणजे ‘हरकत’ घ्यायचं काम आता सहप्रवाशाकडून सरकारकडे गेलं. पण सरकार काही प्रत्येक जिन्यात उभं राहू शकत नाही. ऑफिस, पब, कॅन्टीन यांचं काय, हेही पुरेसं स्पष्ट नव्हतं. तिकडे आयर्लंडने २९ मार्च २००४ ला पबसकट सगळ्या कामाच्या ठिकाणी बंदी आणली. असं करणारा तो पहिला देश. त्यांचा युक्तिवाद मला फार आवडतो. गिऱ्हाईक पबमध्ये आपल्या मर्जीने येतं, हे खरं. पण ग्लास भरणारा तिथे पोटासाठी आठ तास उभा असतो. त्याची मर्जी कोणी विचारली?

आपल्याकडे हा विचार २००८ च्या नियमांत आला. आरोग्यमंत्री होते अंबुमणी रामदॉस. मुहूर्त २ ऑक्टोबरचा. सिगारेट आणि हॉटेलवाले कोर्टात गेले होते, पण सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबरला स्थगिती नाकारली. या नियमांनी ‘सार्वजनिक जागा’ या शब्दात कामाची ठिकाणं, मॉल, सिनेमागृहं, कॅन्टीन, पब, बार हे सगळं नाव घेऊन घातलं. स्टेडियम आणि बसस्टँडसुद्धा ‘उघडी जागा’ म्हणून सुटणार नाहीत असं लिहिलं.

आणि खरी हुशारी पुढे आहे. नियम म्हणतो की जागेचा मालक, मॅनेजर किंवा प्रमुख यानेच हे बघायचं. दारावर आणि प्रत्येक मजल्यावर ६० बाय ३० सेंटिमीटरची पाटी लावायची. आत ॲशट्रे, काडेपेटी, लायटर ठेवायचे नाहीत. तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचं नाव ठळक लावायचं. तक्रार येऊनही त्याने काही केलं नाही, तर जेवढे ओढणारे तेवढ्यांचा दंड त्याच्यावर! शिवाय पावती कोण फाडू शकतो याची एक यादी आहे. त्यात स्टेशन मास्तर आहेत, पोस्टमास्तर आहेत, शाळेचे हेडमास्तर आहेत, ग्रंथपाल आहेत आणि (बसा खाली) खाजगी ऑफिसांचे एचआर मॅनेजरसुद्धा आहेत. हो, आपले तेच, जे दर दिवाळीला रांगोळी स्पर्धेचा मेल टाकतात. त्यांना २०० रुपयांची पावती फाडायचा अधिकार आहे.

यात कायद्याने आपला रिवाज ओळखला असं मला वाटतं. लहान माणूस मोठ्याला नको म्हणू शकत नाही ना? मग नको म्हणायचं काम त्या जागेतल्या सगळ्यात मोठ्या माणसाकडे द्या. एसटीत हे आपोआप जमलंय. गाडीत कंडक्टर सगळ्यात मोठा, घंटीची दोरी त्याच्या हातात. आमदार बसला असला तरी घंटीशिवाय गाडी हलत नाही. मठात महंत. शाळेत हेडमास्तर. जिथे जागेचा मोठा माणूस स्वतः मनावर घेतो तिथे बंदी चालते.

आणि जिथे जागेचा मोठा माणूसच पेटवतो तिथे?

मी आधी जिथे नोकरीला होतो (नाव जाऊ दे) तिथे नववा आणि दहावा मजला यांच्यामधला फायर एक्झिटचा जिना हा अघोषित स्मोकिंग झोन होता. पाटी होती, बरोबर ६० बाय ३० ची. तिच्याखाली थोटकांचा सडा. ओढणारे सगळे डिलिव्हरी मॅनेजर आणि त्यांच्या वरचे. त्यांना अडवायची ड्यूटी होती सिक्युरिटीवाल्या काकांची. कंत्राटी माणूस, कंत्राट दर वर्षी नवीन, आणि ते रिन्यू करायचं की नाही हे ठरवणारा साहेब हातात सिगारेट घेऊन समोर उभा. काका काय करणार? संध्याकाळी झाडू मागवायचे. आणखी एक मजा म्हणजे प्रोजेक्ट कोणाला मिळणार, अप्रेझल कसं जाणार, या गप्पा त्याच जिन्यात व्हायच्या. त्यामुळे न ओढणारी पोरंही धुरात जाऊन उभी राहायची. १९८९ चा रेल्वेचा डबाच तो, फक्त नवव्या मजल्यावर.

कोड्याचं उत्तर मला इथे दिसतं. सगळं उत्तर हेच आहे असं नाही. देशात ओढणारेच कमी झालेत, १४ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर, आणि घरचे आकडे खाली यायला त्याचाही हात असणार. पण मग ऑफिसचे का नाही आले? कारण गेल्या वीस वर्षांत घरात काहीतरी बदललं. बाळ झालं की बायको आता सरळ सांगते, “गॅलरीत नाही, खाली जा.” आणि नवरा जातो. आमच्याकडे आजीने आजोबांना असं सांगितलं असतं का? घरातला लहान बोलायला लागला. ऑफिसातला अजून बोलत नाही.

मोठ्यांना सूट द्यायची सवय नियमांतही शिरली आहे. तीस किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल, तीस किंवा जास्त खुर्च्यांचं रेस्टॉरंट आणि विमानतळ यांना वेगळी स्मोकिंग रूम ठेवता येते. मोर्शीच्या खानावळीला नाही. याच फटीतून हुक्का आला. मुंबई महापालिकेने हुक्क्याला मनाई केली, ती डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. कारण केंद्राचे नियम स्मोकिंग रूमला मुभा देतात. पुढे २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री कमला मिलमधल्या गच्चीवरच्या पबना आग लागली आणि १४ माणसं गेली. आग हुक्क्याच्या निखाऱ्यांनी लागली असावी असं अग्निशमन दलाच्या प्राथमिक अहवालात होतं. त्यानंतर २०१८ मध्ये महाराष्ट्राने आपला सुधारणा कायदा करून हुक्का पार्लरवर बंदी आणली. शिक्षा एक ते तीन वर्षं कैद. आणि जिन्यात सिगारेट ओढायला? अजून २०० रुपये. २०२० च्या अखेरीस केंद्राने हा दंड २००० करायचा आणि स्मोकिंग रूम बंद करायचा मसुदा काढला होता. तो कायदा काही झाला नाही.

वऱ्हाडापुरतं एक सांगायलाच हवं. २०१६-१७ च्या आकड्यांत महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ फक्त ३.८ टक्के आणि तंबाखू खाणारे २४.४ टक्के. आपल्याकडे बिडीपेक्षा खर्रा मोठा. तोंडात खर्रा धरलेल्या माणसाला ‘धूम्रपान निषिद्ध’ची पाटी काही म्हणत नाही, तो तिच्याखालीच पिचकारी मारतो. धुराचा कायदा हा दुसऱ्याला वाचवणारा कायदा आहे. स्वतःपासून स्वतःला वाचवायला वेगळं काहीतरी लागतं. असो, तो विषय पुढच्या कुठल्यातरी शनिवारी.

रिद्धपूरबद्दल मला एक गोष्ट फार विलक्षण वाटते. सातशे वर्षांपूर्वी महदाइसा नावाची एक विधवा बाई चक्रधरांना प्रश्नांवर प्रश्न विचारत होती, आणि ते प्रश्न कोणी दाबले नाहीत, लिहून ठेवले. मोठ्याला विचारायला लहानाला परवानगी होती, एवढंच नाही, कौतुक होतं. नवीन विद्यापीठात उद्या एखाद्या मुलीने व्हरांड्यात सिगारेट ओढणाऱ्या सरांना “सर, इथे नको” म्हटलं, तर तेही त्याच गावाला शोभेल. सरांनी तेव्हा काय करायचं हे नियमात लिहिलंच आहे.

तर मंडळी, सोमवारी ऑफिसला गेलात की एक काम करा. लिफ्टशेजारची ‘धूम्रपान निषिद्ध’ पाटी वाचा. बहुतेक ती छान ॲक्रिलिकची असेल. तक्रार कोणाकडे करायची तिथे नाव आहे का बघा. नाव असेल तर त्या माणसाला हुद्दा काय आहे बघा. ती ओळ कोरी असेल तर एचआरला एक साधा, सभ्य मेल टाका, की इथे कोणाचं नाव यायला हवं?